परंपरा परमुलखात बदलतात की बिघडतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत : कलेच्या नि श्रद्धेच्या परंपरा सुरू कोण करतं, आणि दुसऱ्या संस्कृतीत गेल्यावर त्या बिघडतात का. पहिलीचं माझं उत्तर : बहुतेक वेळा ठरवून कुणीच नाही. बुद्धमूर्तीचंच बघा.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाचा गृहत्याग कोरलाय. इसवी सनाच्या आधीचं काम. घोडा आहे, पाठीवर कुणी नाही, तरी वर छत्र धरलेलं. तोच घोडा पुढे सरकत पुन्हापुन्हा दिसतो. मग छत्र एकदम पावलांच्या ठशांवर, आणि परतणारा घोडा बिनछत्राचा. स्वार उतरला हे कळायला आणखी काय हवं? मला तर ही रिकामी पाठ नंतरच्या कित्येक मूर्तींपेक्षा बोलकी वाटते. असो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास मथुरा आणि गांधार (आजच्या पेशावरच्या आसपासचा प्रदेश), दोन्हीकडे माणसाच्या रूपातला बुद्ध घडू लागला. आधी कुठे, हा वाद अभ्यासकांत जुनाच आहे. मथुरेचे कारागीर यक्षांच्या धिप्पाड मूर्ती घडवणारे. त्यांचा बुद्धही रुंद खांद्यांचा, अंगाला चिकटलेल्या तलम वस्त्राचा. गांधारात ग्रीक-रोमन धाटणी मुरलेली, म्हणून तिथला बुद्ध लाटांसारख्या केसांचा, जाड चुण्यांचं वस्त्र पांघरलेला. शेजारी वज्रपाणी, म्हणजे हातात वज्र घेतलेला बुद्धाचा रक्षक हवा होता, तर काहींनी सिंहाचं कातडं ल्यालेला ग्रीक वीर हेराक्लीसच त्या जागी उभा केला! देव नवा, हाताचं वळण जुनंच.

आता बिघडण्याचं. बुद्धाची गोष्ट पश्चिमेकडे निघाली तेव्हा वाटेत 'बोधिसत्त्व'चं अरबीत 'बूदासफ' झालं. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या 'ब' आणि 'य'मध्ये फरक फक्त खालच्या टिंबांचा : एक असेल तर ब, दोन असतील तर य. नकला करताना कुठेतरी एक टिंब वाढलं नि 'यूदासफ' जन्माला आला. जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन करत करत त्याचा 'जोसाफत' झाला : बापाने महालात कोंडून ठेवलेला, आजारी नि म्हातारी माणसं पाहून हादरलेला, शेवटी राज्य सोडून जाणारा ख्रिस्ती राजपुत्र. चूक म्हणाल तर चूकच. पण मध्ययुगीन युरोपने ही गोष्ट शतकानुशतकं भक्तीने वाचली, आणि रोमच्या संतांच्या यादीत 27 नोव्हेंबरला जोसाफतचं नाव लागलं.