बाबांचं पराक्रम पदक: 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आल्यावर काय करायचं

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. बाबा 1987 च्या ऑक्टोबरात श्रीलंकेत जाफन्याजवळ जखमी झाले, मांडीत आणि खांद्यात स्फोटाचे तुकडे घुसले. विमानाने मद्रासला, तिथून पुण्याला हलवलं. पुढे लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे खालच्या वैद्यकीय श्रेणीत, नोकरी पुरी करून पेन्शनवर आले. घरचे बरेच कागद जुलै 2021 मध्ये म्हादईचं पाणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिरलं तेव्हा गेले. उरलेल्या डिस्चार्ज बुकात फक्त 'बी, पर्मनंट' एवढी कॅटेगरी आहे. पराक्रम पदकासाठी, म्हणजे आपण ज्याला वूंड मेडल म्हणतो त्यासाठी अर्ज केला, तर रेकॉर्ड्समधून, म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून, उत्तर आलं की बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) नोंद आढळत नाही. आता पुढे काही करता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

येईल. त्या उत्तराने दार बंद झालेलं नाही. माझी सगळी नोकरी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या नोंदींचे अधिकृत आदेश, काढण्यात गेली आणि निवृत्तीनंतर गोव्यातल्या बऱ्याच माजी सैनिकांचे असे अर्ज लिहून दिलेत. म्हणून ठामपणे सांगतो: पहिल्या अर्जाला असं उत्तर आलं की लोक गप्प बसतात, आणि तिथेच खरं नुकसान होतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बाबा जखमी झाले होते हे कुणी नाकारत नाही. अंगावर व्रण आहेत, कॅटेगरी खाली आलेली आहे. हे पदक मात्र शत्रूच्या थेट कारवाईत झालेल्या जखमेसाठी आहे. तेव्हा तुम्हाला जोडून दाखवायचंय ते एवढंच: ही जखम, या तारखेला, या ठिकाणी, शत्रूच्या स्फोटाने किंवा गोळीने झाली. ऑपरेशनच्या भागात जीप उलटून मोडलेला पाय या पदकात बसत नाही. पेन्शनचे नियम इथे जास्त सैल आहेत. सुरुंग पेरताना चुकून झालेला स्फोटसुद्धा वॉर इंज्युरी पेन्शनमध्ये धरला जातो. त्यामुळे पेन्शन आणि पदक हे दोन विषय एकाच अर्जात कधीही घालू नका. घातलेत तर कागद पेन्शनच्या टेबलावर जातो आणि पदकाचं राहून जातं.

तरीही पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघा. त्यात 'वॉर इंज्युरी' असं लिहिलेलं असेल तर तो मोठा पुरावा आहे, कारण सरकारने एकदा ते मान्य केलेलं आहे. नुसतं 'सैनिकी सेवेमुळे' एवढंच असेल तर तेवढ्यावर भागणार नाही.

आता नोंद कुठे असू शकते ते सांगतो. लढाईत जवान जखमी झाला की पलटण आधी सिग्नल, म्हणजे तातडीचा संदेश, पाठवते. त्यात नंबर, हुद्दा, नाव, तारीख, जागा आणि जखम कशाने झाली ते असतं. तो वरच्या मुख्यालयाला जातो, रेकॉर्ड्सला जातो. मग पलटण पार्ट टू ऑर्डर काढते आणि त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवापत्रकात, नोंद चढते. जवान हॉस्पिटलमध्ये आणि पलटण अजून लढाईत, अशा वेळी ही शेवटची पायरी राहून गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. ऑर्डर निघालेली असते, शीट रोलवर चढलेली नसते. 'नोंद आढळत नाही' म्हणणारा कारकून बहुतेक वेळा फक्त शीट रोल बघून लिहितो.

म्हणून तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे त्याच स्फोटात जखमी झालेला दुसरा जवान. एका पार्ट टू ऑर्डरमध्ये बरीच नावं असतात. त्या जवानाला पदक मिळालं असेल, तर त्याच्या कागदावर ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख असेल. तो क्रमांक अर्जात लिहिलात की रेकॉर्ड्सला नेमकी तीच फाईल काढावी लागते. बाबांना विचारा, त्या दिवशी सेक्शनमध्ये कोण कोण होतं. नावं आठवत नसतील तर गावं विचारा. चंदगड, सावंतवाडी, खानापूर, आजरा असं गाव निघालं की माणूस सापडतो. पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिनाला, जुने लोक जमतात, तिथेही विचारता येतं.

दुसरी जागा तुमचं स्वतःचं घर. जवान जखमी झाला की घरी तार यायची. आईंना विचारा ती तार कुठे आहे. पुरातून वाचलेल्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जुन्या रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये, कुठेही असेल. एका म्हाताऱ्या आजीने पोथीत घडी घालून ठेवलेली तार मला दाखवली होती. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण टपाल खात्याचा तारखेचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता आणि मजकुरात नवऱ्याचा नंबर, जखमी झाल्याची तारीख, हॉस्पिटलचं नाव सगळं होतं. अशी तार मिळाली तर हात जपून लावा, चिकटपट्टी लावू नका, आधी फोटो काढा. हॉस्पिटलमधून बाबांनी पाठवलेली पत्रंही चालतात.

शरीरातला पुरावाही विसरू नका. तुकडे अजून आत असतील तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमार्फत एक्स-रे काढून घ्या आणि धातूचे तुकडे नेमके कुठे आहेत ते रिपोर्टमध्ये लिहून मागा. नुसती फिल्म कामाची नाही. एक्स-रेवरून तुकडा कुणाच्या बॉम्बचा ते ठरत नाही, पण कागदावरच्या जखमेशी जागा जुळली की वजन येतं. आणि पदकाशी संबंध नसलेली पण महत्त्वाची गोष्ट: पुढे कधी एमआरआय सांगितला तर अंगात धातू आहे हे तिथे आधी सांगा. धोका असतो त्यात.

आता कागद मागवायचे कसे. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांची फी, 30 दिवसांची मुदत हे तुम्हाला माहीत असेलच. अर्ज बाबांच्या सहीने करा, सही जमत नसेल तर अंगठ्याने. मुलीच्या नावाने केलात तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून परत येऊ शकतो. 'पदक का दिलं नाही' असं विचारू नका. कागदांच्या प्रती मागा: पूर्ण शीट रोल, ऑक्टोबर 1987 पासून पुढच्या वर्षभरातल्या बाबांच्या नावाच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर, कॅज्युअल्टी सिग्नल, इंज्युरी रिपोर्ट आणि निवृत्तीच्या वेळचे मेडिकल बोर्डाचे कागद. हे मेडिकल बोर्ड फार मोलाचं. त्यात जखम कधी, कुठे, कशी झाली असा रकाना असतो आणि डॉक्टरने तिथे लिहिलेली एक ओळ कधी कधी सगळं काम करून जाते.

यात वेळ घालवू नका. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट केले जातात, फक्त लाँग रोल नावाच्या नोंदवहीत मोजकी माहिती उरते. बाबा पेन्शनर आहेत, त्यामुळे त्यांचे कागद जास्त काळ ठेवलेले असणार. हॉस्पिटलच्या रजिस्टरांचा मात्र भरवसा धरता येत नाही.

तुम्ही रेजिमेंट लिहिलेली नाही. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर रेकॉर्ड्स बेळगावला, चोर्ला घाटातून जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, आणि बाबांची तब्येत साथ देत असेल तर त्यांना घेऊन जाच. समोर बसलेल्या जुन्या जवानाला तिथले लोक मान देतात, कागद शोधायला उठतात. महार असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, सिग्नल्स असेल तर जबलपूर. अर्जाची एक प्रत पणजीच्या सैनिक बोर्डातून पुढे पाठवा. तिथला जावक क्रमांक पुढे कामाला येतो.

आपल्या गोव्यातली एक खास अडचण म्हणजे नावाचं स्पेलिंग. जन्मनोंद पोर्तुगीज काळातली असेल तर तिथे नाईकचं 'Naique' आणि परबचं 'Porobo' अशी वळणं दिसतात, सैन्यात वेगळंच लिहिलेलं असतं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा आणि प्रत्येक कागदावर सैन्य क्रमांक शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर लोक सोडून देतात आणि मग नंबर जुळत नाही. ऑपरेशनचं नावही नीट लिहा, 'ऑपरेशन पवन, श्रीलंका, 1987'. डिस्चार्ज बुकात श्रीलंकेच्या क्लास्पचं (फितीवरच्या पट्टीचं) स्पेशल सर्व्हिस मेडल नोंदलेलं असेल तर त्या पानाची प्रत लावा, बाबा तिथे होते हे त्यावरून ठरतं.

साथीदारांची प्रतिज्ञापत्रं घ्या, पण शेवटी घ्या, आणि ती कागदांना आधार म्हणून लावा. त्यात 'आम्ही एकत्र होतो' एवढंच नको. कुठल्या गावाजवळ, दिवसा की रात्री, स्फोट कशाचा, बाबांना उचलून कुणी नेलं, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असेल तेवढंच लिहावं. तेव्हाचे कंपनी कमांडर हयात असतील तर त्यांचं एक पान दहा जणांच्या कागदाइतकं चालतं.

हे सगळं जोडून केलेला अर्जही फेटाळला, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांचं न्यायाधिकरण, आहे. गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अंतिम उत्तरानंतर 6 महिन्यांत जावं लागतं, म्हणून प्रत्येक पत्राचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा. पण कागद नीट लावले तर बहुतेक वेळा तिथवर जायची पाळी येत नाही. कुणी पैसे घेऊन पदक मिळवून देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. बाजारातही हुबेहूब पदकं विकत मिळतात. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, आणि बाबांच्या छातीवर तेच लागलं पाहिजे.

आज संध्याकाळी बाबांजवळ वही घेऊन बसा आणि त्या दिवसाचं जेवढं आठवतं तेवढं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मग रेजिमेंट कुठली ते आणि रेकॉर्ड्सच्या उत्तराचा मजकूर जसाच्या तसा मला कळवा, सैन्य क्रमांक झाकून. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.