मुलाखतीला जाताना परफ्यूम किती?

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझी नोकरीची मुलाखत आहे. परफ्यूम मारला की अर्ध्या तासात वास येईनासा होतो, म्हणून मी पुन्हा मारते. घरचे म्हणतात, फार येतोय. किती मारावा? सुगंधाने खरंच छाप पडते का?

उत्तर : घरच्यांचं ऐका. वास उडालेला नसतो, तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं. एकच वास येत राहिला की काही मिनिटांत नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडतात. नुकत्याच खोलीत आलेल्या माणसाला मात्र तो पुरता जाणवतो. म्हणून पुन्हा फवारण्याआधी बाहेरून आलेल्या कुणाला तरी विचारा. हातभर अंतरावरून वास येत असेल तर तो जास्तच झालाय.

बाटलीवर ओ द परफ्यूम (जास्त तीव्र प्रकार) लिहिलं असेल तर एक फवारा, ओ द टॉयलेट (सौम्य प्रकार) असेल तर दोन. अंघोळीनंतर अंग कोरडं करून, वीतभर अंतरावरून, छातीवर, कपड्यांच्या आत. मनगटावर नको, कारण बोलताना हात हलतात आणि वास थेट समोरच्याच्या नाकाशी जातो. निघायच्या तासभर आधी मारा, म्हणजे सुरुवातीचा भपका वाटेतच ओसरेल.

घामावर मात्र परफ्यूम मारू नका, दोन्ही वास मिसळून तिसराच तयार होतो. आणि कपडा आदल्या दिवशीच तपासा. पॉलिएस्टरच्या शर्टाच्या काखेत धुतल्यावरही वास दडून राहतो. कपाटात कळत नाही, अंगाच्या उबेने दहा मिनिटांत वर येतो.

छापेचं म्हणाल, तर २००९ च्या एका प्रयोगात काही पुरुषांना सुगंधी स्प्रे दिला, काहींना बिनवासाचा. त्यांचे आवाज नसलेले व्हिडिओ पाहून बायकांना सुगंधी स्प्रेवाले अधिक आकर्षक वाटले. व्हिडिओतून वास येत नाही. फरक होता तो त्यांच्या वावरण्यात. म्हणून तुम्हाला स्वतःला आवडणारा, सवयीचा सुगंधच निवडा. मुलाखतीच्या दिवशी नवी बाटली उघडू नका.

प्रश्न : लव्हेंडरने सगळ्यांना शांत वाटतं, मला बेचैन का होतं?

उत्तर : वासाचा संदेश मेंदूच्या भावना आणि आठवणींच्या भागांत फार थेट पोचतो. त्या वासाशी तुमची एखादी त्रासाची आठवण जोडलेली असेल, तर आधी तीच जागी होते. लव्हेंडर सोडा. ज्या वासाने तुमचे खांदे सैल पडतात, तोच तुमच्यासाठी शांत करणारा.