हू हॅज की हू हॅव? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘ही इज वन ऑफ द कँडिडेट्स हू हॅव क्लिअर्ड द टेस्ट’ असं लिहिलं होतं. साहेबांनी ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केलं. म्हणाले, माणूस एकच आहे ना, मग हॅव कसं? मला पटलं नाही पण का ते सांगताही आलं नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही बरोबर. आता का ते नीट बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

वाक्यात एकच माणूस आहे हे खरंय, पण ‘हू’ त्या माणसाबद्दल बोलतच नाहीये. टेस्ट किती जणांनी पास केली? बऱ्याच जणांनी, आणि त्यातला हा एक. मराठीत सांगायचं तर ‘ज्यांनी टेस्ट पास केली अशा उमेदवारांपैकी तो एक.’ आपण ‘ज्यांनी’ म्हणतो, ‘ज्याने’ म्हणत नाही, म्हणजे ‘हू’ चिकटलंय ते ‘कँडिडेट्स’ला, ‘वन’ला नाही.

खरी अडचण अशी आहे की आपल्याकडे जो, जी, ज्या, ज्याने, ज्यांनी असा शब्दच बदलतो, त्यामुळे एक की अनेक हे तिथल्या तिथे कळतं. इंग्रजीतलं ‘हू’ मात्र एक माणूस असो की हजार, तसंच राहतं, ‘विच’ आणि ‘दॅट’चंही तेच. मग वचन दिसणार कुठे, तर फक्त पुढच्या क्रियापदात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, ‘हू’ लिहिलं की क्षणभर थांबा आणि मनात विचारा, इथे ‘ज्याने’ म्हणेन की ‘ज्यांनी’? ‘ज्याने’ किंवा ‘जिने’ आलं तर हॅज, ‘ज्यांनी’ आलं तर हॅव. ‘जे’ वापरून तपासू नका, कारण ‘जे मूल’ही होतं आणि ‘जे मुलगे’ही, तिथे गोंधळ होतो.

यात एक खड्डा आहे मात्र. आपण वडिलांबद्दल, सरांबद्दल बोलताना एकाच माणसाला ‘ज्यांनी’ म्हणतो, आणि तो आदर इंग्रजीत उतरून ‘माय फादर, हू हॅव रिटायर्ड’ असं वाक्य तयार होतं. भल्याभल्यांच्या अर्जांत मी हे पाहिलंय. इंग्रजीत हे आदरार्थी बहुवचन नाही, वडील एक, म्हणून ‘हू हॅज रिटायर्ड’.

साहेबांबद्दलही थोडं. ‘वन ऑफ दोज हू हॅज’ असं लिहिणारे चांगले चांगले इंग्रजी लेखक पूर्वीपासून आहेत, तेव्हा त्यांची चूक अडाणीपणाची नाही, ‘वन’ शब्द कानात घुमत राहतो आणि क्रियापद त्याच्या मागे जातं. पण परीक्षेत, रिपोर्टमध्ये, जिथे कोणी बारकाईने वाचणार आहे तिथे हॅवच लिहा. आणि वाद नकोच असेल तर ‘हू क्लिअर्ड द टेस्ट’ करून टाका, साध्या भूतकाळात एक आणि अनेक दोन्हीला क्रियापद सारखंच, फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’चा अपवाद.

हां, आणि ‘ओन्ली’ आलं की सगळं फिरतं. ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द कँडिडेट्स हू हॅज क्लिअर्ड द टेस्ट.’ आता पास झालेली ती एकटीच, म्हणून ‘जिने’, म्हणून हॅज.

प्रश्न: अनेकवचनी नामानंतर ‘हू’ आलं तर आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? मी अंदाजाने देते.

उत्तर: ताई, अंदाजाने देऊ नका, या एका टिंबाने माणसं आत-बाहेर होतात. ही दोन वाक्यं बघा.

‘एम्प्लॉईज हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म विल नॉट बी पेड.’

‘एम्प्लॉईज, हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म, विल नॉट बी पेड.’

पहिल्याचा अर्थ, ज्यांनी फॉर्म दिला नाही त्यांना पगार नाही, बाकीच्यांना आहे. दुसऱ्याचा अर्थ, कर्मचाऱ्यांना पगार मिळणार नाही, सगळ्यांनाच, आणि जाता जाता कळवतो की फॉर्म कोणीच दिलेला नाही. ज्याने वेळेत फॉर्म दिलाय त्याने ही दुसरी नोटीस वाचली तर काय वाटेल त्याला! शब्द तेच, क्रम तोच, फक्त दोन स्वल्पविराम.

स्वल्पविराम नसतो तेव्हा ‘हू’चा तुकडा गटातून काही जण निवडून काढतो. तो दिला की निवड थांबते, गट अख्खा राहतो आणि त्याच्याबद्दल जादा माहिती मिळते. मराठीत पहिल्यासाठी आपण ‘जे... ते’ची जोडी वापरतो, दुसऱ्यासाठी सरळ दोन वाक्यं करतो. तुमच्या मनातलं वाक्य ‘आणि त्या सगळ्यांनी’ असं म्हणून पुढे नेता येत असेल तर स्वल्पविराम द्या, आणि तुकडा वाक्याच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंनी द्या, एकच देऊन सोडून देणं ही तर सगळ्यात जास्त दिसणारी चूक. अशा स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ चालत नाही, तिथे ‘हू’ किंवा ‘विच’च.

प्रश्न: ‘आय हॅव थ्री सिस्टर्स, टू ऑफ देम आर डॉक्टर्स’ यात चूक काय? बोलताना तर सगळे असंच बोलतात.

उत्तर: बोलण्यात खपतं. लिहिताना मात्र ही दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडल्यासारखी होतात. एक तर ‘अँड टू ऑफ देम आर’ करा, नाहीतर ‘टू ऑफ हूम आर डॉक्टर्स’. वस्तू असतील तर ‘टू ऑफ विच’. ‘ऑफ हू’ मात्र कधीच नाही.

प्रश्न: ‘अ बॉक्स ऑफ लेटर्स विच वॉज’ की ‘विच वेअर’?

उत्तर: दोन्ही होऊ शकतं, तुम्ही कशाबद्दल बोलताय त्यावर. खोका लाकडाचा होता हे सांगायचंय तर ‘वॉज’. पत्रं आजीच्या हातची होती हे सांगायचंय तर ‘वेअर’. इथे व्याकरण तुम्हाला उत्तर देणार नाही, उलट तुमच्या क्रियापदावरून वाचणाऱ्याला उत्तर मिळणार आहे, म्हणून घाईत लिहू नका.

प्रश्न: ‘द बुक्स विच आय बॉट देम आर गुड’ असं लिहिलं तर बाईंनी ‘देम’वर काट मारली. पुस्तकं अनेक आहेत ना?

उत्तर: बाळा, अनेक आहेत म्हणूनच शेवटी ‘आर’ आलंय, ते बरोबर आहे. पण विकत काय घेतली हे ‘विच’नेच सांगून झालं, मग ‘देम’ म्हणजे तीच पुस्तकं पुन्हा एकदा मोजल्यासारखं. ही सवय येते आपल्या ‘जी पुस्तकं घेतली ती’मधून, तिथे ‘ती’ लागतंच. इंग्रजीत ती जोडी नाही. इथे ‘विच’सुद्धा काढता येतं, ‘द बुक्स आय बॉट आर गुड’, आणि बोलताना बहुतेक लोक असंच म्हणतात. ‘हू’ किंवा ‘विच’ स्वतःच कर्ता असेल तेव्हा मात्र ते काढायचं नाही, म्हणजे ‘द बॉईज हू केम लेट’मधलं ‘हू’ राहू दे.

प्रश्न: माणसांसाठी ‘विच’ कधीच नाही असं शिकलो, पण जुन्या बायबलमध्ये ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन’ आहे. ते चूक?

उत्तर: चूक नाही, जुनं आहे. ते भाषांतर 1611चं, आणि त्या काळी माणसांसाठी ‘विच’ सर्रास चालायचं, एकालाही आणि अनेकांनाही. पुढे माणसांना ‘हू’ आणि वस्तूंना ‘विच’ अशी वाटणी पक्की झाली. ‘दॅट’ तेव्हाही दोघांना चालायचं आणि आजही चालतं, त्यामुळे ‘द पीपल दॅट लिव्ह हिअर’ला कोणी चूक म्हणालं तर ऐकू नका.