दीडशे डॉलरात ग्राउंड ब्लाइंड, तोही धनुष्यासाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहता, यंदा पहिल्यांदाच कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेऊन हरणाच्या शिकारीला बसणार, उंचावर बसायची भीती वाटते म्हणून ट्री स्टँड (झाडावर बांधायची बैठक) नको, निम्मा वेळ ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात आणि निम्मा वेळ डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) सरकारी जमिनीवर, आणि बजेट दीडशे डॉलर. तर कुठला ग्राउंड ब्लाइंड, म्हणजे जमिनीवर उभा करून आत लपून बसायचा कापडी तंबू, घ्यावा.

दीडशेत चांगला मिळतो, काळजी करू नका. पण ब्रँडचं नाव विचारायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बंदूकवाल्याला जो ब्लाइंड पुरतो तो धनुष्यवाल्याला पुरेलच असं नाही, आणि स्वस्तातले बरेचसे ब्लाइंड बंदूक डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेले असतात. बंदूकवाला नळी खिडकीच्या कडेला टेकवून बसतो, त्याला हलायची गरजच नाही. आपल्याला मात्र अख्खं धनुष्य आत ठेवून, बसल्या जागी, कोपर मागे नेऊन पूर्ण ओढावं लागतं आणि तसंच धरून थांबावं लागतं, कधी कधी मिनिटभर. म्हणून तुमचे पैसे आतल्या जागेवर आणि खिडक्यांवर गेले पाहिजेत, बाकी सगळ्यात काटकसर केली तरी चालते.

आधी घरातच एक काम करा. ज्या स्टुलावर बसणार आहात तो हॉलमध्ये ठेवा, धनुष्य हातात घ्या, बाण लावून नाही आणि दोरी ओढूनही नाही (रिकामी दोरी सुटली तर धनुष्य फुटतं आणि घरात बाण लावायचा नाही म्हणजे नाही), फक्त ओढल्यावर जशी पोझ होते तशी धरा, आणि घरातल्या कुणाला तरी टेप घेऊन मोजायला सांगा. पुढे स्टॅबिलायझरच्या (धनुष्याला पुढे लावलेल्या, तोल सांभाळणाऱ्या दांडीच्या) टोकापासून मागे कोपराच्या टोकापर्यंत किती आणि जमिनीपासून वरच्या कॅमपर्यंत (टोकाच्या चाकापर्यंत) किती. साधारण उंचीच्या माणसाचं पहिलं माप पन्नास-पंचावन्न इंचाच्या आसपास येतं. याच्यावर पुढे निदान अर्धा फूट तरी धरा कारण धनुष्य खिडकीबाहेर डोकावता कामा नये, बाहेर आलेलं टोक हललं की हरीण ते टिपतंच.

आता दुकानात गेलात की डब्यावर ७५ इंच, ७० इंच असं काहीतरी मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसेल. ते माप हब टू हब असतं. म्हणजे भिंतींच्या मधोमध जो गोल जोड असतो तो बाहेर ओढला की भिंत फुगते, त्या फुगलेल्या जागी समोरासमोर मोजलेलं अंतर. जमिनीवर प्रत्यक्षात जागा त्याहून बरीच कमी असते, ७५ लिहिलेल्याची जमिनीवर ६० च्या आतबाहेर निघते. उंचीचंही तेच, छताचा मधला हब जिथे आहे तिथली उंची लिहितात, कोपऱ्यात छत खाली आलेलं असतं आणि वरचा लिंब (धनुष्याची वरची भुजा) नेमका तिथेच घासतो. तुम्ही एकटेच बसणार असाल तर जमिनीवर ५८-६० इंच आणि मधे ६५-६६ इंच उंची पुरते. दोघं बसणार असाल तर मात्र 'टू मॅन' लिहिलेला घेऊ नका, तीन माणसांचा लिहिलेला घ्या, ती माणसं बंदूकवाली धरलेली असतात. आणि रिकर्व्ह (चाकं नसलेलं, लांब, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घ्यायचा विचार असेल पुढे कधी तर आत्ताच सांगून ठेवतो की साठ-बासष्ट इंची धनुष्याला या किमतीतल्या ब्लाइंडमध्ये बसून मारणं फार अवघड जातं, खालचा लिंब जमिनीला नाहीतर मांडीला लागतो.

स्वस्तात दोन जाती आहेत. एक स्प्रिंग स्टीलची, जी चकतीसारखी गुंडाळली जाते आणि सोडली की फटकन उभी राहते, अमेरिस्टेपचा डॉगहाउस हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. हलकी, शंभरच्या आत-बाहेर मिळते, पण वाऱ्यात भिंती फडफडतात आणि परत गुंडाळायचं तंत्र अंधारात जमत नाही, अंगणात आधी हात बसवावा लागतो. दुसरी हबची, फायबरग्लासच्या काड्या आणि मधे जोड. ही ताणलेली राहते, आवाज कमी करते. धनुष्यासाठी मी हबचीच घ्या म्हणेन. अमेरिस्टेप, ऱ्हायनो, बॅरोनेट, टाइडवी यांचे साधे हब ब्लाइंड शंभर ते दोनशेच्या मधे फिरतात, सेलमध्ये तुमच्या बजेटात नक्की बसतात. प्रायमॉसचे डबल बुल वगैरे तीनशे-चारशेच्या पुढचे, कापड आणि काड्या खरंच दणकट असतात, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

खिडक्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळं बिघडतं. पहिलं, खिडकी उघडायची पद्धत. झिपची असेल तर तो ब्लाइंड सोडून द्या, व्हेल्क्रोची असेल तरी सोडून द्या. नोव्हेंबरच्या पहाटे वारा पडलेला असताना पंधरा यार्डांवर हरीण उभं आहे आणि तुम्हाला खिडकी चार इंच खाली करायचीय, तेव्हा झिपचा आवाज म्हणजे संपलंच. हुक आणि इलॅस्टिक लूप किंवा सरकणारी पट्टी असेल ती बघा, हल्ली काहींत लोहचुंबक असतात तेही चांगले. दुकानात उभा केलेला नमुना असेल तर आत बसून, डोळे मिटून, एका हाताने खिडकी उघडून बघा, कुणी काय म्हणेल याचा विचार करू नका.

दुसरं, खिडकीची उंची आणि आकार. तुम्ही बसलेले असताना बाण साधारण हनुवटीच्या पातळीवरून निघतो, तेव्हा खिडकीची खालची कड त्याच्या बरीच खाली, छातीच्या खाली हवी. आणि इथे नवीन माणसाची हमखास फसगत होते ती अशी. साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पिन बाणाच्या वर असते, तीन-चार इंच तरी. पिनमधून हरीण स्वच्छ दिसतं, खिडकीच्या कडेच्या वरून, काही आडवं नाही, तुम्ही बाण सोडता आणि बाण मात्र खालून जात असतो तो कडेच्या कापडाला नाहीतर काडीला लागतो. मग बाण कुठेही जातो. नशीब असेल तर चुकतो, नसेल तर हरणाच्या पोटात जातो आणि ते जनावर रात्रभर तडफडतं. त्यामुळे फुल ड्रॉला, म्हणजे दोरी पूर्ण ओढून, आल्यावर पिनकडे बघण्याआधी नजर खाली करून बाणाचं टोक कुठून जाणार आहे ते बघायची सवय लावा, आणि ही सवय ब्लाइंडमध्ये बसूनच लागते. सीझनच्या आधी अंगणात किंवा रेंजवर ब्लाइंड उभारा, त्याच स्टुलावर, त्याच जॅकेटमध्ये बसा आणि दहा, पंधरा, वीस यार्डांवर सराव करा. उभं राहून केलेला सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

तिसरं, जाळी. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या एकमेकींत मिसळून जातात. एक 'शूट थ्रू' जाळी, खिडकीवर लावायची पातळ जाळी, तिच्यातून बाण मारता येतो पण फक्त फिक्स्ड ब्लेडच्या ब्रॉडहेडने (पाती पक्की बसवलेल्या शिकारी टोकाने), मेकॅनिकल ब्रॉडहेडचं (लागल्यावर पाती उघडणाऱ्या टोकाचं) पातं जाळीला लागून आधीच उघडू शकतं. दुसरी म्हणजे सध्या ज्याची चलती आहे ते 'सी थ्रू' कापड, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. ते भिंतीचं कापड आहे, त्यातून बाण मारायचा नाही, कुठलाच नाही. सी थ्रू आवडत असेल तर घ्या, चहूबाजूंनी हरीण येताना दिसतं आणि पहिल्या वर्षी त्याने खूप शिकायला मिळतं, फक्त सूर्य तुमच्या पाठीमागच्या कापडातून येत असेल तर तुमची सावली पुढच्या कापडावर दिसते, तेव्हा मागची बाजू काळ्या कापडाने झाकायची सोय आहे का बघा. शूट थ्रू जाळीच्या भानगडीत मी तरी पडत नाही, काढून ठेवतो. पहाटे आणि संध्याकाळी ती बराच उजेड खाते.

आता तुमच्या जागेबद्दल, कारण विस्कॉन्सिनमध्ये यावरच निवड ठरते. डीएनआरच्या जमिनीवर ब्लाइंड रात्री ठेवता येत नाही, रोज शिकारीची वेळ संपली की उचलून न्यावा लागतो. सोडून कुठे गेलात तर दारापाशी नाव-पत्ता किंवा डीएनआरचा कस्टमर आयडी लावलेला हवा. गन डीअर सीझन (बंदुकीने हरीण मारायचा हंगाम) चालू असेल तर ब्लाइंडवर सगळ्या बाजूंनी दिसेल असं निदान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, आणि तुमच्या अंगावरही, हातात धनुष्य असलं तरी. शेतकऱ्याच्या रानातही हे नारिंगी कापड लावाच, झुडपासारखा दिसणारा ब्लाइंड बंदुकवाल्याला दिसत नाही हा खरा धोका आहे. त्या वर्षीचे नियम मात्र स्वतः वाचा, काउंटीच्या जंगलात वेगळे असू शकतात.

याचा अर्थ असा की सरकारी जमिनीवर पंधरा-वीस पौंडांचा हब ब्लाइंड पाठीवर घेऊन अंधारात मैलभर चालायचं, उभा करायचा आणि परत आणायचा, आणि हरणाला अशी नवीन वस्तू अजिबात चालत नाही. व्हाइटटेल (इथलं हरीण) आपल्या वाटेवर काल नसलेली पेटी आज बघितली की लांबूनच वळतं. म्हणून माझा सल्ला असा की ब्लाइंड शेतकऱ्याच्या रानासाठी घ्या, त्याची परवानगी घेऊन बो सीझनच्या (सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो) दोन-तीन आठवडे आधी लावून ठेवा. सरकारी जमिनीवर ब्लाइंडच नेऊ नका, तिथेच पडलेल्या वाळक्या फांद्या आणि पाचोळा लावून आडोसा करा, हा तिथे चालतो, रोज मोडावाही लागत नाही. उन्मळून पडलेलं एखादं मोठं झाड असेल तर त्याच्या मुळांच्या पुढ्यात बसा, पाठीला अंधार मिळतो. खर्च शून्य.

रानात लावताना कापडाचा नवा वास घालवायला आधी आठवडाभर उघड्यावर ठेवा. भोवती तिथल्याच फांद्या, गवत, मक्याचे धाटे खोचा, विशेषतः छताची सरळ रेघ आणि कोपरे मोडतील असे, जंगलात सरळ रेघ नसते. आत जमिनीवरचा पाचोळा पूर्ण साफ करून माती उघडी करा, पायाखाली कुरकुर होता कामा नये. मागच्या खिडक्या बंद, पुढची एक, फार तर दोन उघड्या, आणि अंगात कॅमो नको, काळा हुडी घाला, काळे हातमोजे, कारण आतलं अस्तर काळं असतं. (नारिंगीच्या दिवसांत अर्थात नारिंगीच.) म्हणूनच बाहेरच्या कॅमो प्रिंटसाठी वीस-तीस डॉलर जास्त देऊ नका म्हणतो, फांद्या खोचल्यावर ते प्रिंट दिसतही नाही. आणि ब्लाइंडने वास अडतो हा समज काढून टाका, वारा तुमच्याकडून हरणाच्या वाटेकडे असेल तर त्या दिवशी तिथे बसूच नका.

वाचलेले पैसे दोन गोष्टींवर घाला. एक, न कुरकुरणारी, फिरणारी खुर्ची. दुसरी, चांगल्या लांब लोखंडी खुंट्या आणि दोर, कारण सोबत येणाऱ्या खुंट्या पातळ असतात आणि गोठलेल्या जमिनीत वाकतात, आणि न बांधलेला हब ब्लाइंड वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात जातो. बर्फ पडायला लागला की छताखाली मधोमध एक काठी उभी करून ठेवा, ओल्या बर्फाने छत आत कलतं आणि काड्या तिथेच मोडतात.

घाई नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, फ्लीट फार्मसारख्या दुकानांत शिल्लक माल उतरत्या भावात असतो, आणि पहिलं बसणं एप्रिल-मेमध्ये टर्कीसाठी करा. टर्कीला वासाचं भान फारसं नसतं आणि ब्लाइंडचं तर काहीच वाटत नाही, आयत्या वेळी मोकळ्या शेतात उभा केला तरी चालतो, त्यामुळे आत बसून ओढायची सवय व्हायला याच्याइतकं चांगलं काही नाही. (इथली रानटर्की पार संपली होती, १९७६ मध्ये मिसुरीहून आणून व्हर्नन काउंटीत सोडली आणि तिथून परत राज्यभर पसरली.) जुना घेत असाल तर देणाऱ्यासमोर पूर्ण उभा करायला लावा, प्रत्येक हब दोनदा आतबाहेर करा, काड्यांवर बोट फिरवून चीर लागते का बघा, आत बसून भरदुपारी छताकडे बघा, तारे दिसल्यासारखी भोकं दिसली तर ऊन खाऊन कापड गेलेलं आहे. बुरशीचा वास येत असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, तो वास जात नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच की हे सगळं विस्कॉन्सिनचं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तिथे असला ब्लाइंड पक्ष्यांचे फोटो काढायला वापरा, खिडक्यांचं आणि आतल्या अंधाराचं वर लिहिलंय ते तिथेही लागू पडतं.

बसल्या जागचं माप आणि शेतातल्या वाटेची दिशा कळवा, म्हणजे ब्लाइंडचं तोंड कुठे करायचं ते सांगतो. आणि १९७३ किंवा त्यानंतर जन्म असेल तर लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, उन्हाळ्यातल्या बॅचेस लवकर भरतात, तो ब्लाइंडच्या आधी उरका.