बग्गीच्या ब्रेकमधली हवा

ब्रेकचं पेडल मऊ लागतंय ना? मग ब्रेक ऑइल ओतत बसण्याआधी कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ ब्रेकची डिस्क दाबणारा भाग, बघ. घरी बांधलेल्या बग्गीत, म्हणजे छोट्या उघड्या मोटारगाडीत, डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसतो आणि ब्लीडिंगचा निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, खाली येतो. हवा वरच चढणार, त्यामुळे कितीही पंप केलंस तरी बुडबुडा आतच राहतो. डावा-उजवा कॅलिपर आपापल्या जागी बसवून निपल वर आण, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात कर. सोबत्याने पेडल दाबून धरलेलं असतानाच निपल उघडायचा. तो घट्ट बंद झाल्याशिवाय सोबत्याने पाय उचलायचा नाही, हे त्याला बजावून सांग. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलमध्ये डॉट ५ कधीही मिसळू नकोस, डॉट ५ सिलिकॉनचं असतं.