नागपुरात बसून परदेशात माल विकता येतो का?

प्रश्न : ताई नमस्कार, हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं युनिट आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि अकरा माणसं. ट्रॅक्टरच्या बुश आणि पिना बनवतो. एक्स्पोर्ट करायची खूप इच्छा आहे पण सगळे म्हणतात नागपूरपासून समुद्र लांब, इथून काही होत नाही, पुण्याला शिफ्ट हो. चाकणला एक शेड बघूनही आलो. काय करू?
- एक वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, शेडचं टोकन दिलं नसेल तर आधी थांबा जरा. समुद्र लांब आहे हे खरंच, भाडं जास्त पडतं तेही खरं, पण कस्टम क्लिअरन्स इथेच कंटेनर डेपोत होतो आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी २०२५ च्या जूनपासून पूर्ण चालू झालाय. तुमचा माल काही संत्र्यासारखा नासत नाही, दोन दिवस उशिरा बंदरावर गेला तर बिघडलं काय?

जागा महत्त्वाची असतेच, पण मालावर अवलंबून आहे ना ते. आपल्याच नागपूरची सोलर इंडस्ट्रीज बघा, खाणीत लागणारी स्फोटकं बनवते. इथे आजूबाजूला कोळशाच्या खाणी, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालयच नागपुरात, म्हणजे गिऱ्हाईक दारात. मग बाहेर गेली ती कुठे, तर झांबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, जिथे खाणी आहेत तिथे, आणि तिथे कारखानेच टाकले, कारण स्फोटकं लांब न्यायची म्हणजे परवानग्या, धोका आणि खर्च. तुमच्या पिनेला असलं काही नाही, ती जहाजात बसून आरामात जाते.

तुमचं खरं अडतंय ते ओळखीवर. स्वीडनच्या योहान्सन आणि वाल्ने या दोन अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की कंपन्या आधी जवळच्या, समजणाऱ्या देशात जातात आणि अनुभव आला की मग दूरच्या. पुढे २००९ मध्ये त्याच दोघांनी आपलं म्हणणं सुधारलं, की देश परका आहे ही अडचण त्यामानाने लहान, तिथल्या धंदेवाल्यांच्या गोतावळ्यात आपण नाही ही मोठी. मला हे शंभर टक्के पटतं कारण डोळ्यांनी बघितलंय.

बुटीबोरीचे माझ्या ओळखीचे एक उद्योजक जर्मनीच्या प्रदर्शनाला जाऊन आले, भरपूर खर्च केला, कार्डांचा हा एवढा गठ्ठा रबर लावून ड्रॉवरमध्ये पडलाय, मेल टाकले पण एकाचंही धड उत्तर नाही. आणि ऑर्डर कुठून आली, तर ज्या कंपनीला ते आठ वर्षं माल देत होते तिथला क्वालिटीचा माणूस नोकरी बदलून तुर्कस्तानच्या प्लांटला गेला, त्याने तिथल्या परचेसवाल्याला सांगितलं की ह्यांचं रिजेक्शन नसतं, बस्स. पहिलं सॅम्पल गेलं ते गंज चढून पोचलं, साधं ऑइल लावून पॉलिथिनमध्ये बांधलं होतं ना. त्याच माणसाने फोन करून समजावलं की समुद्रातून पाठवायचं तर व्हीसीआय म्हणजे गंज रोखणाऱ्या कागदात गुंडाळा. अनोळखी गिऱ्हाईक असतं तर गंज बघून परत बोललंच नसतं. ओळखीने नुसती ऑर्डर येत नाही, चूक सुधारायची दुसरी संधी पण मिळते.

म्हणून आधी वही घेऊन बसा. तुमचे कोणते गिऱ्हाईक स्वतः एक्स्पोर्ट करतात, त्यांचे कोणते इंजिनिअर बाहेर गेले, हे लिहा. ईईपीसीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग माल निर्यात करणाऱ्यांच्या परिषदेच्या, शिष्टमंडळासोबत जायचं तर एकच देश धरा आणि तिथेच तीन वर्षं जा, पाच देशांत एकेकदा जाऊन कोणाच्याच लक्षात राहत नाही. पेमेंट बुडायची भीती असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घ्या. आणि चाकणला जायचंच एक योग्य कारण आहे, तुमच्या पिनेला लागणारं हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग इथे मिळतच नसेल तर. मात्र तुमची अकरा माणसं सोबत येणार आहेत का, हे आधी त्यांना विचारा.

प्रश्न : आमची काटोलला संत्र्याची बाग. माल वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्यामार्फत बांगलादेशला जायचा, आता भावच नाही. ओळख तर पक्की होती, मग काऊन असं झालं?
- एक बागायतदार

उत्तर : दादा, ओळख पक्की होती पण एकाच दिशेची होती. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं, २०१९ ला किलोला २० रुपये होतं ते २०२३ ला ८८ वर गेलं, तुमचा व्यापारी कितीही चांगला असला तरी तो त्यात काय करणार? आपलं संत्रं सैल सालीचं, बियांचं, फार टिकत नाही, म्हणून ट्रकने गाठता येईल असा जवळचा बाजार धरला गेला आणि सगळे तिथेच अडकले. आखाताकडे पाठवायचं तर वॅक्सिंग (फळावर मेणाचं कोटिंग), ग्रेडिंग, प्री-कूलिंग पाहिजे, एकट्याच्या बागेने ते परवडत नाही, शेतकरी कंपनीत चारपाच गावं मिळून करता येतं. या आंबिया बहाराच्या आधी तुमच्या भागात कोणाकडे कोटिंगची लाइन आहे ती जाऊन बघून या, आणि दोन क्रेट तरी त्यातून काढून, आठ दिवस घरी ठेवून बघा किती टिकतात.