सत्तरीत देवाकडे वळलो, तर फार उशीर झाला का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आयुष्यभर पाठ फिरवलेल्या माणसाला देव आता स्वीकारेल का? आणि मरण जवळ आल्यावर त्याच्याकडे जाणं हा स्वार्थ नाही का? पहिल्याचं उत्तर ख्रिस्ती म्हणून मी बेधडक देते: हो, स्वीकारेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला पुन्हा जातो, आणि दिवस संपायला तासभर उरला असताना पाचव्यांदा बाजारात येतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार. वाचणारे बहुधा या मजुरीवरच अडतात. मला मात्र त्या शेवटच्या फेरीचं जास्त वाटतं. त्या वेळी मळ्यात काम कितीसं उरलं असणार! तरी मालक स्वतः गेला, कारण माणसं अजून उभी होती, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आणि दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. तासावर मोजून दिली असती, तर त्यांच्या घरी त्या रात्री कुणाचंच पोट भरलं नसतं.

आता स्वार्थाचं. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या गुन्हेगाराकडे (लूक 23) द्यायला काहीच नव्हतं. ना बाप्तिस्मा, ना सेवेची वर्षं, ना चुका निस्तरायला वेळ. ‘माझी आठवण कर’ एवढंच तो म्हणाला. येशूने त्याला ‘आताच का आठवलं?’ असं विचारलं नाही. आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं वचन दिलं. भीतीने आलात तरी या. भीती जायला वेळ लागतो, आणि तो वेळ देवाजवळच घालवलेला बरा.

मग सगळ्यांनीच शेवटपर्यंत थांबावं का? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली मृत्यूच्या तोंडावर बाप्तिस्मा घेतला. त्या काळी असं लांबवणारे बरेच होते. पण कृपा ही फक्त मरणानंतरची सोय नाही. उशिरा आलेल्याचं नुकसान एवढंच, की मधली वर्षं तिच्यावाचून गेली.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दर ईस्टरला योहान ख्रिसोस्तोम या प्राचीन धर्मगुरूच्या नावाने चालत आलेलं प्रवचन वाचतात. अकराव्या तासाला, म्हणजे दाखल्यातल्या त्या शेवटच्या फेरीला, आलेल्यानेही उशिराची भीती बाळगू नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. दरवर्षी, भर उत्सवात.

तुमचा लहानपणी बाप्तिस्मा झालाय म्हणता. बहुतेक जुन्या मंडळ्यांत तो पुन्हा घ्यावा लागत नाही. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाला जा, नाहीतर पाळकांशी मोकळेपणाने बोला. ज्यांना दुखावलंत त्यांच्यापैकी जे हयात आहेत, त्यांना मात्र स्वतः भेटा. जकातदार जक्कयाने येशू घरी आल्यावर, ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. जे गेले, त्यांची नावं प्रार्थनेत घ्या.